विश्लेषण : जुन्नर-आंबेगावच्या वाड्यांत ‘मातृभाषा’ म्हणजे नेमकी कोणती?

पहिलीपासून हिंदीचा वाद 2025 मध्ये राज्यभर गाजला. 16 एप्रिल आणि 17 जूनचे शासन निर्णय 29 जूनला रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. लहान मुलांवर परक्या भाषेचे ओझे नको, यावर बहुतेकांचे एकमत दिसले. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात मात्र हा प्रश्न हिंदीच्या बराच आधी, मराठीपाशीच सुरू होतो.

इथे कोणती भाषा बोलतात?

आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट या डोंगराळ भागात महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी कुटुंबे राहतात. महादेव कोळ्यांची बोली मराठीला जवळची. ठाकरी आणि कातकरी पुस्तकी मराठीपासून बऱ्याच दूर आहेत. कातकरी मुलासाठी बालभारतीचे पहिलीचे पुस्तक हीच जवळजवळ दुसरी भाषा.

त्याने काय बिघडते?

वाचायला शिकणारे मूल अक्षरे जोडते आणि तो उच्चार आधी ऐकलेल्या शब्दाशी ताडून पाहते. ‘हि-र-डा’ जोडल्यावर इथल्या मुलाला लगेच उमगते. घरात हिरडा गोळा करणारे असतील तर ते भावही सांगेल. शब्दच अनोळखी असला, तर अक्षरे बरोबर लागूनही हाती काही येत नाही. असे मूल घडाघडा वाचते, पण काय वाचले ते सांगू शकत नाही. गणितात बेरीज जमते, शाब्दिक उदाहरण अडते. मग ‘याला येतच नाही’ असा शिक्का बसतो.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचे कलम 350 अ भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यास सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषा आहे, पण ‘व्यवहार्य असेल तिथवर’. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा, स्थानिक भाषा किंवा प्रादेशिक भाषा हे माध्यम ठेवायला सांगितले. खरी पळवाट इथेच आहे. चौघींपैकी कोणतीही चालत असेल, तर मराठी शाळा काढली की कागदावर काम झाले!

मग पालक इंग्रजीकडे का वळतात?

त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. पण आदिवासी विकास विभागच ‘नामांकित’ योजनेतून आदिवासी मुलांना लहान वयातच इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवतो. सरकारच असे करत असेल, तर मंचर-नारायणगावच्या इंग्रजी शाळेची फी भरणाऱ्याने काय वेगळे केले? इंग्रजी हवीच, पण विषय म्हणून. मराठी शाळांत ती 2000 पासून पहिलीपासून आहेच. माध्यमाचा प्रश्न वेगळा.

अडते कुठे?

शिक्षकांपाशी. जिल्हा परिषदेच्या बदल्या जिल्हाभर होतात. बारामतीकडचा शिक्षक आहुप्याच्या बाजूला येऊ शकतो आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे झाली की त्याला बदली मागता येते. मुलांची बोली कानाला रुळेपर्यंत अर्ज भरण्याची वेळ येते. त्याला दोष कसा द्यायचा?

त्यापेक्षा वाडीतलीच शिकलेली मुलगी मानधनावर पहिली-दुसरीच्या वर्गात बसवली, गोष्टी आणि गप्पा घरच्या बोलीत, वाचन हळूहळू मराठीत, असे दोन वर्षे केले तर खर्च फार नाही. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. सुरुवात तिथून करता येईल.