डोळे पुसून झाल्यावर विचारायचा प्रश्न

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सरत आला की ब्रिटनमधल्या ऑफिसांत एक विषय हमखास निघतो: यंदाची नाताळची सगळ्यात चांगली जाहिरात कुणाची? जॉन लुईसची, सेन्सबरीजची, की आल्डीच्या केविन नावाच्या गाजराची? सहकारी एकमेकांना लिंक पाठवतात, आपापली आवडती जाहिरात हिरिरीने मांडतात, कुणाला रडू आलं आणि कुणाला नाही यावर वाद घालतात. वर्तमानपत्रं नव्या चित्रपटाचं करावं तसं या जाहिरातींचं परीक्षण छापतात. अमेरिकेतल्या सुपर बोलच्या दिवसाचा अपवाद सोडला, तर दुकानांच्या जाहिरातींची अशी वाट बघणारा दुसरा समाज सहज सापडणार नाही. या सवयीत मला काही वावगं दिसत नाही. दीड मिनिटात गोष्ट सांगणं ही कला आहे आणि त्या कलेला दाद मिळायलाच हवी. पण जाहिरात पुढे पाठवणारा माणूस नुसता प्रेक्षक राहत नाही, तो तिचा वितरक होतो. वितरकाला माल तपासून घेण्याचा हक्क असतो आणि तो बजावला जात नाही, ही माझी तक्रार आहे.

ही प्रथा फार जुनी नाही. जॉन लुईस या डिपार्टमेंट स्टोअरने २००७ मध्ये नाताळच्या जाहिरातींची ही मालिका सुरू केली. तिची देशभर चर्चा होऊ लागली ती २०११ पासून. त्या वर्षीच्या जाहिरातीत एक लहान मुलगा नाताळसाठी दिवस मोजताना दिसतो आणि शेवटी कळतं की त्याला घाई होती ती मिळणाऱ्या भेटींची नव्हे, आईवडिलांना द्यायच्या भेटीची. पुढच्या वर्षी एक हिममानव आपल्या सखीसाठी टोपी, मफलर आणि हातमोजे आणायला डोंगर-नद्या ओलांडून गेला. त्या जाहिरातीसाठी गॅब्रिएल अ‍ॅप्लिनने गायलेलं गाणं ब्रिटनच्या गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. २०१३ मध्ये अस्वल आणि सशाच्या गोष्टीतल्या लिली अ‍ॅलनच्या गाण्याचंही तसंच झालं. २०१४ च्या पेंग्विनच्या मोहिमेवर सत्तर लाख पाउंड खर्च झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्यातले जेमतेम दहा लाख जाहिरात बनवायला लागले. बाकीचे मुख्यतः ती लोकांच्या नजरेस पाडायला. हा आकडा नीट बघायला हवा. बनवण्यापेक्षा दाखवणं कितीतरी महाग आहे. म्हणजे ऑफिसच्या ग्रुपवर कुणी ती लिंक टाकतं आणि तिथली पंधरा-वीस माणसं ती बघतात, तेव्हा कंपनी ज्यासाठी एरवी पैसे मोजते तेच काम आपण फुकटात करून देतो. शिवाय टीव्हीवरच्या जाहिरातीवर कुणी फारसा विश्वास टाकत नाही, शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याच्या शब्दावर टाकतो. आपण देतो ती ही पत आहे.

आता या जाहिराती कशाच्या बळावर चालतात ते पाहू. खुर्च्या, मिक्सर, केक यांचे भाव त्यांत नसतात. त्यांत एकटेपण असतं, युद्ध असतं, आईवडिलांविना वाढणारं मूल असतं. २०१५ मध्ये जॉन लुईसने चंद्रावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. पृथ्वीवरची एक मुलगी फुग्यांना बांधून त्याला दुर्बीण पाठवते. त्याआधीच्या वर्षी सेन्सबरीजने १९१४ चा नाताळ घेतला, जेव्हा पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक आपापल्या खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले होते. ही दुःखं दुकानांची नाहीत, समाजाची आहेत. दुकानं ती वापरतात आणि त्यातून जमलेली माया आपल्या नावावर जमा करतात. वापरायला माझी हरकत नाही. कथा, नाटक, सिनेमा सगळे हेच करतात. फरक इतकाच की नाटकाचं तिकीट काढताना आपण काय विकत घेतोय हे आपल्याला माहीत असतं. इथे रडू एका गोष्टीचं येतं आणि विक्री दुसऱ्याच गोष्टीची होते. म्हणून त्या वापराचा मोबदला दुःखाच्या खऱ्या धन्यापर्यंत पोहोचला की नाही, हे विचारणं रास्त आहे.

सेन्सबरीजच्या बाबतीत याचं उत्तर बरंचसं देता येतं. ती जाहिरात रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेबरोबर केलेली होती. त्या संस्थेशी दुकानाचा संबंध वीस वर्षांचा होता, आणि गोष्टीतलं निळ्या वेष्टनातलं चॉकलेट एक पाउंडाला विकून त्याचा नफा संस्थेला दिला गेला. तरीही शेकडो प्रेक्षकांनी जाहिरात मानक प्राधिकरणाकडे तक्रारी केल्या, की लाखो माणसं मेली त्या युद्धावर किराणा विकू नये. प्राधिकरणाने कारवाई केली नाही. मला त्या तक्रारींमागची भावना समजते. खंदकातला चिखल, उंदीर आणि प्रेतं पुसून टाकून उरलेलं युद्ध फार देखणं झालं होतं. पण पैसा कुठे गेला हे उघड होतं आणि ज्यांच्या नावाने तो गोळा केला त्यांच्या संस्थेची संमती होती. चंद्रावरच्या म्हाताऱ्याच्या वेळीही एज यूके ही वृद्धांसाठी काम करणारी संस्था सोबत होती आणि काही वस्तूंचा नफा तिला मिळाला. इथपर्यंत ठीक. पण पुढच्याच नाताळला त्याच दुकानाच्या जाहिरातीत ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणारा कुत्रा आला आणि म्हातारा चंद्रावरच राहिला. एकटेपण एका हंगामापुरतं नसतं, हे सगळ्यांना कळतं. ते मोहिमेच्या वेळापत्रकात मात्र बसत नाही.

म्हणूनच मला जॉन लुईसची २०२२ ची जाहिरात सर्वांत सरस वाटते. एक मध्यमवयीन माणूस स्केटबोर्ड शिकायचा प्रयत्न करतोय, पडतोय, खरचटून घेतोय, आणि ही हौस त्याला का लागली ते कळत नाही. शेवटी दार वाजतं. समाजसेविकेबरोबर एक किशोरवयीन मुलगी उभी असते, तिच्या हातात स्केटबोर्ड. हे जोडपं तिला सांभाळायला घेणार असतं. जाहिरातीत विकायची वस्तू जवळपास नाहीच. मात्र तिच्यामागे, त्याच वर्षी सुरू केलेला, सरकारी देखरेखीत वाढलेल्या तरुणांना कंपनीत नोकऱ्या आणि प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम होता. त्याची प्रगती पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी विचारता येते. भावनेने बांधिलकी पत्करली ती अशी.

बांधिलकी पत्करणं जोखमीचंही असतं, याचा दाखला आइसलँड या सुपरमार्केटचा आहे. एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की वर्षअखेरीपर्यंत आपल्या स्वतःच्या नावाच्या सर्व वस्तूंमधून पाम तेल काढू. नाताळसाठी त्यांनी ग्रीनपीसची ओरांगउटानच्या पिल्लाची अ‍ॅनिमेशन फिल्म घेतली. निवेदन एमा थॉम्प्सन यांचं. टीव्ही जाहिरातींना मंजुरी देणाऱ्या क्लिअरकास्टने ती अडवली, कारण फिल्म ग्रीनपीसची आणि ब्रिटनच्या २००३ च्या कायद्याने टीव्हीवर राजकीय जाहिरातींना बंदी आहे. मग ती इंटरनेटवर अशी पसरली की टीव्हीवर येऊनही एवढी पसरली नसती. ऑफिसाऑफिसांतून ती फिरली. जानेवारी २०१९ मध्ये बीबीसीने दाखवून दिलं की सतरा वस्तूंमधून पाम तेल निघालं नव्हतं, त्यांच्यावरचं आइसलँडचं नाव तेवढं निघालं होतं. कंपनीने पुरवठादारांच्या तांत्रिक अडचणी सांगितल्या, आणि त्या खऱ्या असू शकतात. पण नोव्हेंबरात फिल्म पाठवणाऱ्या लाखो लोकांपैकी जानेवारीतली ही बातमी कितीजणांनी त्याच ग्रुपवर टाकली असेल?

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की जाहिरात ती जाहिरात. कामाच्या रगाड्यात चार सहकारी दोन मिनिटं एकत्र हळवे झाले, तर त्यांच्यामागे हिशेबाचा ससेमिरा कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. ऑफिसात माणसं एकमेकांशी कामाव्यतिरिक्त फार कमी बोलतात, आणि आवडत्या जाहिरातीच्या निमित्ताने कुणी आपल्या एकट्या आईबद्दल बोलून गेलं तर ते मोलाचंच आहे. पण विचारल्याने हळवेपणा कमी होत नाही. ज्याला चंद्रावरच्या म्हाताऱ्याने खरोखर हलवलं, त्यालाच आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्याचं काय चाललंय हे विचारावंसं वाटायला हवं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रत्येक जाहिरातीमागे सत्कार्य मागितलं, तर दुकानं दानधर्माचंही प्रदर्शन मांडतील. खरं आहे. म्हणून मी प्रत्येक जाहिरातीकडून सत्कार्य मागतच नाही. जी जाहिरात समाजाचं दुःख वापरते तिच्याकडूनच मागतो. गाजराला साहसं करायला लावणारी आल्डी मला भाजी विकतेय हे मला ठाऊक आहे. तिथे फसगत नाही आणि कर्जही नाही.

तशी प्रामाणिक हळवी जाहिरातही असते. पोलंडच्या अलेग्रो या ऑनलाइन बाजाराने २०१६ मध्ये एका आजोबांची गोष्ट सांगितली. ते इंग्रजीचा अभ्यासक्रम मागवतात, घरभर वस्तूंवर इंग्रजी नावांच्या चिठ्ठ्या चिकटवतात, बसमध्ये, आंघोळीच्या टबात वाक्यं घोकतात, आणि नाताळला ब्रिटनमध्ये मुलाच्या घरी जाऊन नातीला तिच्या भाषेत आपली ओळख सांगतात. ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला ते हे वर्ष. तेव्हा पोलंडमध्ये जन्मलेली सुमारे नऊ लाख माणसं तिथे राहत होती. इथे विकलेली वस्तू गोष्टीत खरोखर उपयोगी पडते, तिच्याशिवाय गोष्टच घडत नाही. पुण्या-नाशकातल्या ज्या घरांतली नातवंडं न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये वाढताहेत, त्यांना या आजोबांचं काही समजावून सांगावं लागणार नाही. तसंच उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनच्या चार्लीज बारचं. २०२३ मध्ये सुमारे सातशे पाउंडांत केलेल्या त्यांच्या फिल्मने मोठमोठ्या दुकानांना झाकोळलं. कबरीवर फुलं वाहून आलेला एकटा म्हातारा, रस्त्यात त्याच्याकडे न बघणारी माणसं, आणि बारमध्ये त्याच्यापाशी येऊन बसणारा एका तरुण जोडप्याचा कुत्रा. बारचा दावा एवढाच की आमच्याकडे एकटा माणूस आला तर त्याला सोबत मिळेल. हा दावा कोणत्याही संध्याकाळी दार ढकलून तपासता येतो.

प्रेक्षकांना जाब विचारता येत नाही असंही नाही. कोका-कोलाने २०२४ मध्ये १९९५ पासून गाजलेल्या आपल्या ट्रकांच्या जाहिरातीची कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली आवृत्ती काढली, तेव्हा कलाकारांच्या कामाचं काय, हा प्रश्न लगेच विचारला गेला. मग दुकानातल्या माणसांबद्दलही तो विचारावा. जॉन लुईस कर्मचाऱ्यांच्या मालकीची कंपनी आहे, तिथे नोकराला भागीदार म्हणतात. २०२१ मध्ये या भागीदारांना १९५३ नंतर प्रथमच बोनस मिळाला नाही. २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षीही मिळाला नाही. २०२० आणि २०२१ मिळून सोळा दुकानं कायमची बंद झाली. नाताळची जाहिरात यातल्या प्रत्येक वर्षी आली. जाहिराती थांबवल्या असत्या तर बोनस मिळाला असता, असं मी म्हणत नाही; महासाथीने आणि ऑनलाइन विक्रीने त्या धंद्याची पार घडी मोडली होती आणि या जाहिरातींनी पूर्वी विक्री वाढवल्याचे पुरावे इंग्लंडच्या जाहिरात व्यवसायाने २०१२ आणि २०१६ मध्ये पुरस्कार देऊन मान्य केले आहेत. पण आवडत्या जाहिरातीवर चर्चा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ही दुसरी बाजू ठाऊक असते, आणि ती ठाऊक करून देणं एका ओळीचं काम आहे.

तेव्हा यंदा आवडलेली जाहिरात जरूर पाठवा, आणि तिने कुणाचं दुःख वापरलं असेल तर लिंकखाली एक ओळ जोडा: यातलं कुणाला काय मिळालं, आणि गेल्या वर्षीच्या गोष्टीतल्या माणसांसाठी या कंपनीने यंदा काय केलं? उत्तर सापडलं तर तेही पाठवा. सापडलं नाही, तर कंपनीच्या त्याच पानावर जाऊन विचारा, कारण डिसेंबरात तिथे लोकांचं म्हणणं वाचायला माणसं बसवलेली असतात.