लॅपटॉप मोडीत कोणी काढला?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबविला. काही मुदतवाढ मिळते, पण ती कंपनीच्याच शर्तींवर. विंडोज ११ घ्यावी म्हटले तर टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था हवी आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप दारातच अडविले जातात. कळफलक शाबूत, पडदा स्वच्छ, कालपर्यंत इतिवृत्ते नि हिशेब लिहिणारे हे यंत्र एका निर्णयासरशी ‘जुने’ झाले. झीज यंत्राची झालेली नाही. निकाल मालकाने दिला आहे, आणि हा मालक म्हणजे ज्याने पैसे मोजले तो नव्हे!

यावरील उत्तर नवे नाही. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प घोषित केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने पुष्कळ घोटाळा केला. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे शब्द वेगळे आहेत, हे आपले भाग्य. फुकट तर कंपन्याही वाटतात. मुक्त आज्ञावली मात्र वाचता येते, बदलता येते, दुसऱ्यास देता येते. आणि ग्नूच्या जीपीएल परवान्यानुसार जो ती पुढे वाटतो, त्याला हेच अधिकार घेणाऱ्यासही द्यावे लागतात. स्वामित्वहक्काच्याच कायद्याने सामायिक मालकीचे रक्षण करण्याची ही युक्ती आपल्या अभ्यासवर्गांत शिकविण्याजोगी आहे. भाबडेपणा मात्र नको. लिनक्सच्या गाभ्यावर आज राबणारे पुष्कळसे अभियंते बड्या कंपन्यांचेच पगारी आहेत. भांडवलाने हे हत्यार केव्हाच उचलले. ते पारखण्यास आपणच उशीर करीत आहोत.

कृती अवघड नाही. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर सुखाने. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते. रूफससारख्या साधनाने ती पेनड्राइव्हवर चढवावी आणि लॅपटॉप त्यावरूनच सुरू करून वाय-फाय, ध्वनी, प्रिंटर चालतो का ते पाहावे. तोवर आतल्या कशालाही धक्का लागत नाही. डिस्क पुसण्यापूर्वी सर्व कागदपत्रांची प्रत अन्यत्र घेतलीच पाहिजे. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविली, तर वेगातला फरक लगेच जाणवतो.

एकट्यादुकट्याची ही हौस राहू नये, यासाठी केरळकडे पाहावे. तेथील सरकारी शाळांचे संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. ‘काइट’ ही शासकीय संस्था शाळांसाठी कार्यप्रणाली सिद्ध करते, शिक्षकांना शिकविते. सरकारे दोन्ही आघाड्यांची आली, धोरण टिकले. महाराष्ट्रात मात्र संगणक शिकणे म्हणजे विंडोज शिकणे, हे समीकरण पुरोगामी म्हणविणाऱ्या संस्थांनीही निमूट स्वीकारले.

आपली खरी अडचण निराळीच आहे. अनेक कार्यालयांतील जुना मजकूर बिगर-युनिकोड मराठी टंकांत अडकलेला आहे आणि पाने लावण्याची नेहमीची सॉफ्टवेअरे लिनक्सवर थेट चालत नाहीत. म्हणून पाने लावणारा संगणक तूर्त तसाच ठेवावा. पत्रव्यवहाराचे, सभासद-नोंदीचे, वाचनालयातले लॅपटॉप आधी बदलावेत. लिब्रेऑफिस आणि इनस्क्रिप्ट कळफलक त्यांना पुरेसे आहेत. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचे काम दरम्यान चालू राहावे. ते कंटाळवाणे आहे, प्रत्येक जोडाक्षर तपासावे लागते, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्हा कार्यालयात दोघे तरी नेमावे लागतील.