काचपेटींतील अतिथि

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे शास्त्री लोक सांगत आले आहेत. हल्लीं कांहीं सुशिक्षित घरांत खाऱ्या पाण्याची काचपेटी ठेवण्याचा शोक दिसतो. त्या पेटींत असे अतिथि हटकून येतात. दगडांच्या छिद्रांत, शेवाळांत, शिंपल्यांच्या आडोशास ते दडलेले असतात. आठपंधरा दिवसांनीं मुलें ओरडतात आणि वडील माणसें चिमटा घेऊन धांवतात. आमचें म्हणणें, आधीं ओळख पटवावी, मग न्याय द्यावा.

दिवे मालवल्यावर तासाभरानें तांबड्या प्रकाशांत पाहावें. पुष्कळ समुद्री प्राण्यांस तो फारसा दिसत नाहीं. गोमेसारखा, दोन्ही अंगांस राठ केसांचे झुबके असलेला कृमि बहुधा उरलेसुरलें अन्न खाऊन पेटी स्वच्छच राखतो. मात्र त्याचे केस टोचतात, म्हणून त्याला उघड्या हातानें धरूं नये. खेंकडा दिसल्यास त्याच्या नांग्या पाहाव्या. त्या चमच्यासारख्या बोथट असल्यास तो बहुधा शेवाळ खाणारा. टोकदार व काळ्या अग्रांच्या असून पाय केसाळ असल्यास मासे सांभाळावे. रात्रीं टकटक आवाज आल्यास शिंपले फोडणाऱ्या 'मँटिस' कोळंबीचा संशय येतो. परंतु तसाच आवाज गरीब 'पिस्तूल' कोळंबीहि करते. नुसत्या आवाजावरून कोणास दोषी ठरवूं नये. 'एप्टेशिया' हें तपकिरी समुद्रफूल मोहक खरें, पण तें चिरडूं नये. उरलेल्या तुकड्यांतून नवीं फुलें उपजतात. मुलांनीं तारीख घालून वहींत चित्रें काढावीं. ओळख पटण्यास त्यासारखें साधन नाहीं.

दया आंधळीहि असूं नये. हितोपदेशांतील जरद्गव गिधाडानें गोड बोलण्यास भुलून मांजरास थारा दिला; पक्ष्यांचीं पिलें मेलीं आणि अखेर त्याचाहि प्राण गेला.

याहून मोठा धोका पेटीबाहेरचा आहे. मोनॅको येथील समुद्रसंग्रहालयाखालीं १९८४ सालीं मत्स्यपेट्यांतील 'कॉलर्पा' शैवालाचा सुमारें एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. पुढें तें भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर दूरवर पसरलें. मध्य अमेरिकेकडील 'मायटिलॉप्सिस' शिंपला जहाजांबरोबर आपल्याकडे आला. १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम् बंदरांत त्याची नोंद झाली आणि नंतर तो मुंबई बंदरांतहि सांपडला.

आमच्या चिरनेराजवळ करंजाची खाडी आहे, आणि तिच्यावर कित्येक कोळी कुटुंबांचें पोट चालतें. म्हणून पेटींतील पाणी, दगड वा प्राणी कोणत्याहि खाडींत किंवा समुद्रांत सोडूं नयेत. नको झालेला दगड उन्हांत कडकडीत वाळवावा. नवा आणतांना त्यांत प्रवाळ नाहीं हें पाहावें; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांस अभय दिलें आहे. आपल्या घरचा अतिथि आपणच निस्तरावा. तो गांवाच्या गळ्यांत बांधूं नये.