माहिती साठवायची किती, सोपवायची कोणाकडे?

ब्रिटिश सरकारने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी संसदेत मांडलेल्या सायबर सुरक्षा विधेयकातील एक तरतूद येथील मराठी वाचकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. इतरांची संगणकव्यवस्था सांभाळणाऱ्या आणि त्यांचे हेल्पडेस्क चालवणाऱ्या मध्यम व मोठ्या कंपन्या तिच्यामुळे प्रथमच थेट नियमनाखाली येतील. गंभीर घटना घडल्यास २४ तासांत वर्दी आणि ७२ तासांत सविस्तर अहवाल देणे त्यांना बंधनकारक ठरेल. हे काम लंडनइतकेच पुण्यामुंबईतूनही चालते, आणि ते करणाऱ्यांत आपली माणसे थोडीथोडकी नाहीत.

विधेयकाचे सूतोवाच २०२४ सालीच झाले होते. त्याला निकड आणली ती २०२५ सालाने. ईस्टरच्या सुमारास मार्क्स अँड स्पेन्सरवर सायबर हल्ला झाला. ऑनलाइन विक्री ४६ दिवस बंद राहिली आणि नफ्याला सुमारे ३० कोटी पौंडांचा फटका बसेल, असा अंदाज कंपनीनेच जाहीर केला. हल्लेखोरांनी तोतयेगिरीने प्रवेश मिळवला आणि त्या प्रकारात एका त्रयस्थ संस्थेचाही संबंध होता, असे अध्यक्ष आर्ची नॉर्मन यांनी जुलैमध्ये खासदारांच्या समितीपुढे सांगितले. पानिपतानंतर उपटलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाने पुणे दरबाराला हाच पेच घातला होता: समोरचा माणूस स्वतःला जो म्हणवतो तोच आहे, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून? मार्क्स अँड स्पेन्सरला हेल्पडेस्कची सेवा टीसीएस पुरवत होती. आपल्या कोणत्याही यंत्रणेला वा वापरकर्त्याला बाधा पोहोचलेली नाही, असे टीसीएसने भागधारकांना सांगितले आहे. दोष कोणाचा, याचा निवाडा येथे करायचा नाही. ग्राहकांची माहिती जपण्याचे दायित्व दुकानाचे असते, तर पासवर्ड बदलून देण्याचा अधिकार पुष्कळदा कंत्राटदाराच्या कर्मचाऱ्याकडे असतो. कंपन्यांच्या डेटा-धोरणांत या दोन बाबींचा एकत्र विचार क्वचितच झालेला दिसतो.

हे असे का झाले, याचे उत्तर ‘डेटा-धोरण’ या कल्पनेच्या ब्रिटनमधील जन्मकथेत आहे. टेस्कोने १९९५ साली क्लबकार्ड देशभर आणले. एडविना डन आणि क्लाइव्ह हंबी या दांपत्याने कोणता ग्राहक काय, केव्हा, किती घेतो याचा ताळा मांडून दिला, त्यानुसार घरोघरी वेगवेगळी कूपने जाऊ लागली, आणि त्याच वर्षी टेस्कोने सेन्सबरीला मागे टाकले. माहिती हे नवे तेल होय, हे पुढे सर्वतोमुखी झालेले वचनही याच हंबी यांच्या नावे सांगितले जाते. तेव्हापासून धोरण म्हणजे अधिकाधिक गोळा करणे, असा समज रूढ झाला. टेस्कोने आधी प्रश्न ठरवला होता आणि मग माहिती मागितली होती, हा तपशील अनुकरण करणाऱ्यांच्या नजरेतून निसटला. तेल साठवणाऱ्याला आग विझवण्याची तजवीजही करावी लागते, याचीही कोणाला आठवण राहिली नाही.

त्याची किंमत किती, हे कॅपिटाच्या प्रकरणातून दिसते. २०२३ साली या कंपनीकडून ६६ लाख लोकांची माहिती चोरीस गेली. धोक्याची सूचना दहा मिनिटांत मिळाली होती. बाधित यंत्र अलग करायला मात्र ५८ तास लागले. माहिती आयुक्तालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये तिला १ कोटी ४० लाख पौंडांचा दंड केला. टाटा मोटर्सच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरचे उत्पादन सप्टेंबर २०२५ मध्ये पाच आठवडे थांबले तेव्हा अर्थव्यवस्थेचे नुकसान १९० कोटी पौंडांचे आणि बाधित संस्था पाच हजारांवर, असा अंदाज सायबर मॉनिटरिंग सेंटरने वर्तवला.

पण आकड्यांच्या या डोंगराआड एक छोटी कहाणी दडून जाते, आणि सर्वांत शिकण्यासारखी तीच आहे. नॉर्दम्प्टनशरमधील केटरिंगची ‘नाइट्स ऑफ ओल्ड’ ही मालवाहतूक पेढी १८६५ सालची. तिच्या समूहाकडे सुमारे ५०० मालमोटारी होत्या, विमाही होता. जून २०२३ मध्ये कोणा कर्मचाऱ्याचा कमकुवत पासवर्ड ओळखून हल्लेखोर आत आले, असे मानले जाते. मूळ माहितीबरोबर राखीव प्रतीही निकामी झाल्या. मालमोटारी शाबूत, चालक हजर, मालही होता. हिशेब तेवढा उरला नव्हता. आर्थिक माहितीच हाती नसल्याने नवे भांडवल उभे करता आले नाही, सप्टेंबरात कारभार प्रशासकांकडे गेला आणि सुमारे ७०० जणांची नोकरी गेली. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजणाऱ्या व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. कीर्द-खतावणी गेली की पत गेली. त्या वहीची एक प्रत संगणकाच्या जाळ्याबाहेर, कोणाचा पासवर्ड पोहोचणार नाही अशा ठिकाणी असावी, आणि ती उघडून धंदा चालवता येतो की नाही हे वर्षातून एकदा तरी करून पाहावे, एवढे साधे काम डेटा-धोरणात पहिले हवे. डॅशबोर्ड आणि कृत्रिम बुद्धिमत्ता त्यानंतर.

नव्या विधेयकाबद्दल एक गैरसमज मात्र नको. त्याची व्याप्ती वीज, पाणी, आरोग्य, वाहतूक, डेटा सेंटर आणि संगणकसेवा पुरवठादार यांच्यापुरती आहे. कपड्यांचे दुकान किंवा मोटारीचा कारखाना त्यात थेट येत नाही. म्हणजे ज्या दोन प्रकरणांनी देश हादरला, त्यांतील कंपन्यांना त्यांचे धोरण यापुढेही स्वतःच आखायचे आहे. माहिती संरक्षण कायदा मात्र सर्वांना लागू आहे, आणि गरजेपुरतीच माहिती घ्यावी, काम संपल्यावर ती ठेवू नये, हे तत्त्व त्यात आधीपासून आहे. हॅरो किंवा स्लाउमध्ये दिवाळी फराळाच्या मागण्या घेणारी ताई, शिकवणी चालवणारे सर किंवा चार माणसांची हिशेबनीस पेढी यांनाही ते चुकत नाही. नियमांतून सूट मिळत नसेल तर आयुक्तालयाकडे वार्षिक ५२ पौंड भरून नोंदणीही करावी लागते. फराळ घरपोच करायला पत्ता लागतो, फोन लागतो. चार दिवाळ्यांपूर्वीच्या ग्राहकाची जन्मतारीख अजून त्या तक्त्यात का आहे, याचे उत्तर तक्ता ठेवणाऱ्यालाच द्यावे लागेल.