डीकोड करा आणि फेकून द्या?

परवा वेल्ह्याहून तोरणा केला. उतरल्यावर चहा पिता पिता तासाभराचा व्हिडिओ एका अ‍ॅपमध्ये टाकला. दर दहा सेकंदांना एक चित्र, एवढंच हवं होतं. फोन तव्यासारखा तापला, बॅटरीने मान टाकली. का, ते मला पक्कं माहीत आहे. असा कोड मी रिव्ह्यूमध्ये कितीदा तरी पाहिलाय.

गणित बघा. सेकंदाला ३० फ्रेम्स, म्हणजे तासाला १,०८,०००. हव्यात ३६०. आपले बहाद्दर सगळ्या डीकोड करतात आणि दर ३०० मधल्या २९९ फेकून देतात! विचारलं की उत्तर तयार : "प्रोसेसर स्वस्त आहे रे." कोणाचा? बिल तर वापरणाऱ्याच्या बॅटरीवर फाटतं.

बरं, मनाला येईल ती फ्रेमही गाळता येत नाही. पी-फ्रेम आधीच्या फ्रेमवर उभी असते. आधार काढला की पडद्यावर नुसते ठोकळे. पण की-फ्रेम स्वयंपूर्ण असते आणि मोबाईलचे कॅमेरे ती बहुधा सेकंदा-दोन सेकंदांनी टाकतातच. थेट तिथे उडी मारा, ३६० डीकोड करा, संपलं. फास्ट फॉरवर्ड करायचंय? २००३ च्या एच.२६४ मध्येच 'एनएएल रेफ आयडीसी' नावाचे दोन बिट आहेत. ते शून्य असतील, तर त्या फ्रेमवर दुसरी कुठलीच फ्रेम अवलंबून नाही. डीकोड न करता खुशाल गाळा. एफएफएमपेगमध्ये दोन्हींची सोय तयार आहे.

तेव्हा मंडळी, फेकायचंच आहे तर आधी फेका. शिजवून मग उकिरड्यावर टाकण्याला इंजिनिअरिंग म्हणत नाहीत.