दात पाहून बैल, सांगाडा पाहून गाडी



चाकणचा बैलबाजार ज्याने पाहिला आहे, त्याला सौदा कसा करावा हे सांगायला नको. शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ आणि अंगावर झूल पाहून जाणता शेतकरी भुलत नाही. तो आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. खूर दाबतो, खांद्यावरून हात फिरवतो, चार पावले चालवतो. बैल मारका आहे का, जुंपल्यावर बसतो का, हे आजूबाजूच्या चार माणसांना विचारतो. मगच रुमालाखाली बोटे धरली जातात.

पण हाच माणूस जुनी जीप किंवा मोटार घ्यायला गेला, की नवा रंग, चकचकीत चाके आणि आत वाजणारी गाणी एवढ्यावर राजी होतो. चाकण, खेड, मावळ भागात गेल्या काही वर्षांत गावोगाव दारात गाड्या आल्या. कुणाची जमीन कारखान्यात गेली आणि मोबदल्यातून गाडी आली; कुणाला कांद्याचा भाव लागला आणि हौस फिटली. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनी घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आजचे हे चार शब्द.

पहिली गोष्ट, जुनी वस्तू घेण्यात कमीपणा नाही. टाटांच्या पुण्याच्या कारखान्यातून १९९८ साली इंडिका मोटार बाहेर पडली. संपूर्णपणे भारतात आखलेली मोटार म्हणून तिचे कौतुक झाले. पण ती ज्या यंत्रांवर तयार झाली, त्यांतली बरीचशी जुनी होती! निस्सान या जपानी कंपनीचा ऑस्ट्रेलियातला कारखाना १९९२ मध्ये बंद पडला होता. टाटांनी तो विकत घेतला, नट-बोल्टपासून सोडवला, जहाजाने इकडे आणला आणि पुण्यात पुन्हा उभा केला. नव्या यंत्रसामग्रीच्या मानाने हे फार स्वस्तात पडले. मात्र हे जमले ते कशामुळे? घेण्यापूर्वी एकेक यंत्र पारखणारी माणसे आणि आणल्यावर ते जोडणारे हात त्यांच्यापाशी होते म्हणून. जुन्या गाडीचेही तसेच आहे. पारख आणि हात असतील तर ती लाभते. ते नसतील तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

हातांच्या बाबतीत आपला हा पट्टा भाग्यवान आहे. आपण बोलताना सहज ‘टेम्पो’ म्हणतो. हे मुळात जर्मनीतल्या एका गाडीचे नाव. बजाज टेम्पो कंपनी १९५८ मध्ये निघाली, पुढे आकुर्डीला आली आणि तिच्या तीनचाकीमुळे हा शब्द आपल्या घरचा झाला. मॅटॅडोर आणि ट्रॅक्स याच कंपनीच्या. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९६०-७० च्या काळात पुण्यात उभी राहिली. ४०७ ट्रक १९८६ मध्ये, सिएरा १९९१ मध्ये आणि सुमो १९९४ मध्ये तिने आणली. टेल्को उभारणारे सुमंत मूळगावकर यांच्या नावातली आणि आडनावातली पहिली अक्षरे जोडून ‘सुमो’ हे नाव झाले. या कारखान्यांत आपल्याच गावांतली मुले कामाला लागली. त्यांना सुटे भाग पुरवणारी लेथ, ग्राइंडिंग आणि स्प्रिंगची लहान वर्कशॉपे भोसरी-चिंचवडला निघाली. म्हणून जुन्या गाडीचा एखादा बुश बाजारात मिळत नसला, तरी तो कातून देणारा कारागीर इथे भेटतो.

याच बळावर या भागातले हौशी लोक जुन्या गाड्या उभ्या करतात. कुणी जुनी जीप आणतो, कुणी पद्मिनी, कुणी पहिली सिएरा. त्यांतल्या जाणत्यांची कामाची रीत आपण उचलण्यासारखी आहे. आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर. मग पाणी आणि ऑइल गळते का ते. मग इंजिन. मग पत्रा. रंग सर्वांत शेवटी. आधी गाडी थांबली पाहिजे, मग वळली पाहिजे, मग पळाली पाहिजे. दिसण्याचे नंतर पाहू. नवशिका नेमका उलटा जातो. रंगात पैसे घालतो आणि ब्रेकच्या वेळी खिसा रिकामा असतो.

आता गाडीचे दात कसे पाहावेत ते सांगतो.

गाडी पाहायला सकाळी जा आणि इंजिन थंड ठेवायला आधीच सांगून ठेवा. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. सुरू केल्यावर धुराकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीले झिजली असावीत. डिझेल गाडीचा काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. कधी एअर फिल्टर साफ करून भागते, कधी नोझल आणि पंपाचे काम निघते. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी इंजिनात जात असण्याचा संभव आहे. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण जपून सैल करा. आतून जोराने फुकफुक धूर येत असेल तर इंजिन थकले आहे. झाकणाच्या आत सायीसारखा थर दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळले असावे. विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्याने एकदा उघडून पाहिले आहे, त्याला यात परके असे काही नाही.

मग पत्रा. एक लहान लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून दारे, मडगार्ड, खालच्या कडा यांवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे, म्हणजे गाडी ठोकली गेली आहे किंवा कुजली आहे. नंतर गाडीखाली वाकून चॅसिस पाहा. इंजिन बांधून घेता येते, गिअर बॉक्स बदलता येतो. सांगाडा कुजला किंवा वाकला असेल तर ती गाडी फुकट मिळाली तरी महाग. समुद्रकाठी वापरलेल्या गाडीला खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो, ती जास्त बारकाईने पाहा. सीटचे पट्टे टोकापर्यंत ओढा. आत वाळलेला चिखल दिसला तर गाडी पुरातून निघालेली आहे असे समजा.

मीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका. आकडा मागे फिरवता येतो; पण घासलेला पेडल आणि गुळगुळीत झालेले स्टिअरिंग खोटे बोलत नाहीत. चढावर गाडी घाला, गिअर आपोआप निसटतो का पाहा. मोकळ्या जागी जपून ब्रेक दाबा, गाडी एका बाजूला ओढते का पाहा. आणि स्वतःला कळत नसेल तर मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नव्हे. त्याची मजुरी वाचवण्यासारखी नसते.

पैशाचा हिशेब आधीच करा. हाताशी दीड लाख असतील तर लाखाची गाडी पाहा आणि पन्नास हजार बाजूला ठेवा. जुनी गाडी पहिल्या वर्षातच ते मागते. त्याचबरोबर ही गाडी आपल्या गावात कोण दुरुस्त करील याचा विचार करा. जुन्या जीपचे किंवा ट्रॅक्सचे साधे डिझेल इंजिन तालुक्याचा मिस्त्री पान्यांवर उघडतो. अलीकडच्या गाड्यांत संगणक आला आहे. तिथे पान्याआधी स्कॅनर लागतो आणि त्यासाठी शहर गाठावे लागते.

घेतल्यावरची निगा म्हणजे जनावराच्या वैरणपाण्यासारखी. विहिरीचे क्षाराचे पाणी रेडिएटरमध्ये ओतू नका. ठिबकच्या नळीचे जे होते तेच त्याचे होते. शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून घाला. ब्रेकचे ऑइल हवेतली ओल ओढते, ते साधारण दोन वर्षांनी बदला. ज्या गाडीत टायमिंग बेल्ट असतो, तिचा बेल्ट बदलल्याची नोंद नसेल तर तो बदललाच नाही असे धरा. चालत्या गाडीत तो तुटला तर कित्येक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि मोठा खर्च पडतो.

पेट्रोल गाडीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच उसाचे, ही आनंदाची गोष्ट. पण जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्यांचे रबरी नळे आणि कार्बोरेटरमधली गॅस्केटे फुगतात, भेगाळतात. पेट्रोलचा वास आला तर थांबू नका, नळ्या बदलून घ्या. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून टाकीत पेट्रोल भरून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नये.

आणि घरी काम करताना केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, मुलांना तर मुळीच जाऊ देऊ नये. विटांचा टेकू ऐन वेळी फुटतो. लोखंडी घोडी लावा, चाकांना अडसर द्या, मगच खाली शिरा.

आता सर्वांत महत्त्वाचे, कागद. बैल विकला की दावे सोडून दिले आणि संबंध संपला. गाडीचे तसे नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गाडी विकली असली तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली होती. विचार करा. तुम्ही गावातल्या ओळखीच्या माणसाला विश्वासाने जीप दिलीत, कोऱ्या कागदावर सही केलीत, त्याने ती पुढे विकली आणि तिसऱ्याच्या हातून माणूस दगावला. विमा नसेल तर भरपाईची वसुली तुमच्या शेतापर्यंत येऊ शकते.

म्हणून नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे मानू नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही नव्या नावावर करून घ्यावा. गाडीवर बँकेचे कर्ज होते का ते पाहावे आणि फिटले असल्यास नमुना ३५ घ्यावा. परराज्यातली गाडी स्वस्त दिसली तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र, आपल्या राज्याचा कर आणि नवी नोंदणी हे सारे धरून किंमत काढावी. चॅसिसवर ठोकलेला आकडा नोंदणी पुस्तकातल्या आकड्याशी स्वतः ताडून पाहावा. आकड्याभोवती घासल्याच्या किंवा जोडकामाच्या खुणा दिसल्या तर तिथूनच मागे फिरावे.

वयही मोजा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. ही फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १०,००० झाली. शिवाय पर्यावरण कर वेगळा. तपासणीत गाडी बादच झाली तर ती भंगारवाल्याला तशीच देऊ नका. नोंदणीकृत भंगार केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या.

तरुण मंडळींसाठी एक शब्द. जीपचे छत कापणे, भलतेच इंजिन बसवणे, वाटेल तशी रुंद चाके लावणे ही हौस कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल याबाबत स्पष्ट आहेत. ज्यांना खरीच जुन्याची आवड आहे, त्यांच्यासाठी सरकारने २०२१ मध्ये वेगळी वाट केली आहे: ५० वर्षांवरची आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. मात्र ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. म्हणजे मूळ रूप राखणाऱ्याला मान आहे, मोडतोड करणाऱ्याला नाही.

शेवटी भगिनींना एक विनंती. दुधाचा आणि किराण्याचा हिशेब घरात तुम्हीच ठेवता. गाडीचीही एक वही घाला. ऑइल कधी बदलले, कोणता भाग कितीला आणला, विमा कधी संपतो, हे त्यात लिहा आणि पावत्या त्यातच टाचा. दोन वर्षांनी ती वही उघडली की गाडी आपल्याला पोसते आहे की आपण गाडीला, हे घरात सगळ्यांना दिसेल. आणि कधी विकायची झाली, तर जाणते गिऱ्हाईक रंगाआधी तीच वही मागेल.