ताटाची डावी बाजू

‘आमच्या घराण्यात किडनीचा त्रास आहे,’ हे आपल्याकडे बायका एकमेकींच्या कानातच सांगतात. घरात लग्नाची मुलगी असेल तर त्याचा उच्चारही नको! पण लपवल्यानं आजार थांबत नाही, तपासणी तेवढी लांबते.

पॉलिसिस्टिक किडनी हा असाच एक आनुवंशिक आजार. यात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्यानं भरलेल्या गाठी होतात आणि वर्षानुवर्षं वाढत जातात. (पाळीच्या तक्रारीतली ‘पीसीओडी’ वेगळी, तिचा याच्याशी संबंध नाही.) नेहमी आढळणाऱ्या प्रकारात आई किंवा वडील, कुणालाही हा आजार असला तरी प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो वा मुलगी. तरीही वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, की मुलाची सोनोग्राफी होते आणि सासरी गेलेली लेक राहून जाते. असं का?

आहारानं या गाठी विरघळत नाहीत. तसं सांगून पुड्या विकणाऱ्यांपासून चार हात लांबच राहावं. पण या आजारात रक्तदाब लवकर वाढतो आणि तो किडनीचं आणखी नुकसान करतो. त्याला आवरण्यासाठी गोळ्यांइतकंच आपलं स्वयंपाकघरही महत्त्वाचं. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं. म्हणजे भाजी, आमटी, पोळी सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा! तेव्हा ताटाची डावी बाजू आधी आवरा. लोणचं, पापड, खारातल्या मिरच्या बंद. कोशिंबीर लिंबू पिळून, बिनमिठाची. मात्र ‘कमी सोडियमचं’ मीठ परस्पर आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि थकलेल्या किडनीला ते झेपत नाही.

पाणी किती प्यावं, डाळी किती खाव्यात, हे रिपोर्ट पाहून डॉक्टरच सांगतील. शेजारणीचं पथ्य आपल्याला चालेलच असं नाही. कंबर दुखली म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नका. मिश्री, तंबाखू सोडा, रोज अर्धा तास चाला.

आणि हो, एकीसाठी वेगळी आमटी कोण करणार? घरातली बाई स्वतःसाठी तर नाहीच करत! त्यापेक्षा सगळ्यांचंच मीठ कमी करा, भलं सगळ्यांचंच होईल. माहेरी हा आजार असेल तर या आठवड्यात बीपी मोजून घ्या, डॉक्टरांना घरची हकिगत सांगा. दिवस गेले असतील तर आवर्जून. यात लाजण्यासारखं काहीच नाही.